जूनचा दिवस

म्हातारा पाऊस लागला की बेळगावातल्या घरांना एक वास येतो. ओल्या सुताचा, थोडा खोबरेलाचा, थोडा कोंदट. तरणा, म्हणजे पुनर्वसूचा पाऊस, धो धो कोसळतो आणि तासाभरासाठी का होईना उघडतो. पुष्याचा म्हातारा तसा नव्हे. तो दिवसभर पिरपिरत राहतो आणि वलणीवरचा कपडा तिसऱ्या दिवशीही हाताला गारच लागतो. गाव जवळपास 2,500 फुटांवर. पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीचं रान, आणि तिकडून चढून आलेला ढग आमच्या टिळकवाडीत मुक्कामालाच उतरतो. माझ्या लहानपणी ह्या दिवसांत वलणी थेट स्वयंपाकघरापर्यंत यायच्या. ताटावर बसलं की कुणाच्या तरी परकराची ओली कड कानाला लागायची.

तान्हं मूल असलेल्या घराची अवस्था आणखी वेगळी. दिवसाला पंधरा-वीस लंगोटं, आणि ऊन नाही. अशा वेळी शेगडीत कोळसे फुलवायचे, वर राख पसरून धग मंद करायची, त्यावर बांबूचं डालगं पालथं घालायचं आणि डालग्यावर लंगोटं, दुपटी, टोपरी पसरायची. निखाऱ्यावर चिमूटभर ओवा आणि वेखंडाचा तुकडा. कपडा वाळायचा आणि त्याला धुरीचा वास लागायचा. पण कपडे उलटणाऱ्या बाईला तिथून हलता यायचं नाही. एका जागी धग जास्त लागली की कापड पिवळं पडतं, दुसऱ्या जागी दमट राहतं. पावसाळ्यात बाळंतीण माहेरी आली की तिच्या आईचा अर्धा दिवस डालग्यापाशी सरायचा. मला माझ्या आईची त्या वेळची बसण्याची पद्धत आठवते. एक गुडघा वर, हातात पंखा, आणि नजर कापडावर.

आमच्या गल्लीत 1982 सालापासून अकरा वर्षं हे काम एका यंत्रानं केलं. ते यंत्र माझ्या मामींचं होतं.

मामा कॉव्हेंट्रीत एका मशीन टूलच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. चौदा वर्षं राहून परत आले तेव्हा सामानाची एक मोठी लाकडी पेटी बोटीनं मुंबईला आली आणि तिथून ट्रकनं बेळगावला. पेटीत मामांचा ड्रॉइंग बोर्ड होता, पुस्तकं होती, आणि बरोबर मधोमध, चारी बाजूंनी रजया कोंबलेला एक पांढरा पत्र्याचा चौकोनी डबा होता. पुढे गोल दार, वर दोन बटणं आणि एक फिरवायचा घड्याळासारखा टाइमर, मागे पितळी पट्टी: मेड इन इंग्लंड, 240 व्होल्ट, 50 सायकल, 2,000 वॉट. कपडे वाळवायचं मशीन. मामांना ते विकून यायचं होतं. मामी म्हणाल्या होत्या, बाकी सगळं विका, हे मी नेणार.

मामी वडगावच्या, विणकरांच्या घरातल्या. खळ दिलेला ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, पावसाळ्यात वाळत नाही, ताणा वाळला नाही की माग बसून राहतो आणि माग बसला की चूल थंडावते, हे त्यांनी लहानपणी पाहिलेलं. ओलं सूत वेळेत वाळणं ही त्यांच्या लेखी सोयीची गोष्ट नव्हती, पोटाची होती. म्हणून इंग्लंडातल्या सगळ्या वस्तूंमधून त्यांनी नेमकी हीच निवडली, असं मला वाटतं.

मशीन मागच्या पडवीत बसलं. तीन चौकोनी पिनांचा इंग्लिश प्लग कापून तिथे गोल पिनांचा मोठा प्लग आला. दमट हवा बाहेर टाकायची रबरी नळी खिडकीच्या गजातून मागच्या बोळात गेली. आणि महिन्याभरात गल्लीला खबर लागली. कुणाच्या मुलाचा गणवेश, कुणाच्या घरातल्या आजारी माणसाची चादर, आणि मुख्य म्हणजे लंगोटं. मराठी घरं, कन्नड घरं, कोपऱ्यावरचं एक कोकणी घर, सगळीकडची. बायका बादली घेऊन यायच्या, पडवीच्या पायरीवर बसायच्या, चहा व्हायचा आणि ड्रम आतल्या आत गरगरत असायचा. सोवळं मात्र मामींनी त्यात कधी घातलं नाही. ते काठीनं उंच वलणीवरच जायचं.

कशाला किती मिनिटं लावायची हे मामींनी मशीनच्या डाव्या पत्र्यावरच काळ्या मार्करनं लिहून ठेवलं होतं. त्यांचं अक्षर ठसठशीत, आकडे गोलसर. टॉवेल 60. चादर 50. गणवेश 40. स्वेटर नाही. लंगोटांची ओळ सगळ्यांत वर होती. तिच्यापुढचा आकडा मात्र आज वाचता येत नाही. मशीनशी उभं राहून बोलताना बायकांचा ओला हात नेमका तिथे टेकायचा. अकरा वर्षांत तो पुसून गेला.

1993 च्या पावसाळ्यात ते बंद पडलं. बंद पडलं म्हणजे मामींनी बंद केलं. शेजारच्या एका घरात नातू झाला होता. त्याचं दुपटं आणि चार लंगोटं मशीनमधून काढली तेव्हा दुपट्याच्या मधोमध हाताच्या पंजाएवढा तपकिरी डाग होता आणि कापड बोट लावताच फाटत होतं. बाळाच्या पणजीनं जुन्या लुगड्याचं शिवलेलं दुपटं. शेजारीण काही बोलली नाही, पण नंतर तिच्या घरून बादली आली नाही. मामा त्या संध्याकाळी मामींना बोलले. मी तिथेच होते. "मिनिटं बघून लावायची असतात," एवढंच. मामींनी उत्तर दिलं नाही. त्यांनी प्लग काढला, नळी गुंडाळून मागे ठेवली आणि मशीनवर पिठाचे डबे मांडले. नवं दुपटं शिवून त्या घरी देऊन आल्या. पुढे ते कुटुंब पुण्याला गेलं. मशीन पडवीतच राहिलं, आणि तीस वर्षं त्याच्यावर ज्वारीचं आणि तांदळाचं पीठ नांदलं.

मामी गेल्या त्याला आता चार वर्षं झाली. मी शाळेतून निवृत्त होऊन मामांकडे राहायला आले. हायस्कूलला तीस वर्षं विज्ञान शिकवलं. स्वेच्छेनं काही उघडून बघायला मात्र शाळेत कधी फुरसत मिळाली नाही. गेल्या उन्हाळ्यात पिठाचे डबे हलवताना पत्र्यावरचं ते अक्षर दिसलं, आणि मी स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागले.

मागचं पान काढायला आठ स्क्रू. त्यातले दोन गंजून बसलेले, त्यांना रात्रभर तेल पाजलं. पान सुटलं आणि आतून एक मऊ गादी माझ्या पायावर पडली. कपड्यांची झडलेली लव. गाळणीतून निसटलेली बारीक लव अकरा वर्षं ड्रमच्या मागे साठत गेली होती आणि तिचे थर पडले होते, चांगले बोटभर जाड. मी ती उचलून उजेडात आणली. कडेनं बघितलं तर झाडाच्या खोडासारखी वळणं. खाली करडा थर, त्यावर निळसर, शाळेच्या गणवेशांचा. मग पांढरा, जाड, लंगोटांचा. मध्ये एक पातळ गुलाबी रेघ, कुणाचं तरी नवं झबलं रंग सोडून गेलेलं. त्यात अडकलेला ब्लाउजचा एक हूक, तीन बटणं, पंचवीस पैसे, आणि मनगटीतला एक काळा मणी. तो मणी कुठल्या बाळाचा, हे आता कोण सांगणार? मी तो धुऊन देव्हाऱ्याच्या ताटलीत ठेवला आहे.

सगळं आवडीनं बघायचं असलं तरी ही लव धोक्याची, हेही सांगायला हवं. तापलेल्या तारेपासून वीतभर अंतरावर सुका कापूस साठणं म्हणजे चुलीशेजारी काडीपेटी. कुणाकडे असं मशीन असेल तर दर वेळी गाळणी साफ करा आणि वर्षातून एकदा मागचं पान उघडा. मामी गाळणी रोज काढायच्या. मागचं पान उघडायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दुरुस्तीला लागण्याआधी मी ह्या यंत्राचं कुळ शोधलं. शिक्षकाची सवय. त्यात जे सापडलं त्यानं मी दोन दिवस हरखून गेले होते. अमेरिकेत जॉर्ज सॅम्पसन नावाच्या माणसानं कपडे वाळवायच्या सांगाड्याचं पेटंट घेतलं, त्याची तारीख 7 जून 1892. चुलीच्या उष्णतेवर कपडे पसरायची चौकट. म्हणजे आमचं डालगंच की. आणि 7 जून! आमच्याकडे सातला किंवा आठला मृग निघतो, शेतकरी पेरणीकडे बघतो आणि बाई वलणीकडे. पुढे नॉर्थ डाकोटातल्या शेतकरी घरातला जे. रॉस मूर. कडाक्याच्या थंडीत आईला कपडे वाळत घालायला बाहेर जावं लागतं हे त्याला बघवेना. त्यानं घराशेजारी शेड बांधली, तिथे फिरणारा ड्रम बसवला आणि खाली धग ठेवली. वर्षानुवर्षं त्यावर काम करून अखेर विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स गावच्या हॅमिल्टन कंपनीला ती कल्पना दिली. 1938 साली मशीन बाजारात आलं. त्याचं नाव ठेवलं 'जून डे'. जूनचा दिवस. तिकडे जून म्हणजे स्वच्छ ऊन आणि मंद वारा. बारा महिन्यांतला कुठलाही दिवस जूनसारखा करणारं मशीन, असा त्याचा अर्थ. आणि आम्ही जूनच्याच दिवसांना घाबरतो.

ती हॅमिल्टन कंपनी मुळात छपाईची लाकडी अक्षरं करायची, 1880 सालापासून. माझे वडील बेळगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. नाटकाच्या आणि जत्रेच्या मोठ्या पोस्टरची लाकडी अक्षरं ते घरी आणून दाखवायचे, हाताला तेलकट आणि जड. लाकडी अक्षरं करणाऱ्यांनीच कपडे वाळवायचं मशीन केलं, ह्या गोष्टीचा दुरुस्तीशी काही संबंध नाही. पण मला ती सांगायचीच होती.

आता तारेची गोष्ट. लव काढून झाल्यावर मी वायरिंग बघायला बसले. गरम तार ड्रमच्या मागच्या गोल डब्यात असते. तिच्याकडे जाणारा वीजप्रवाह एका नाण्याएवढ्या थर्मोस्टॅटमधून जायला हवा. आत धातूची एक छोटी चकती असते, दोन वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटवलेली. तापल्यावर एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी, त्यामुळे चकती उलट्या बाजूनं वाकते आणि संपर्क तुटतो. तार निवली की चकती पुन्हा सरळ होते. नववीच्या पुस्तकातला प्रयोग. इथे मात्र थर्मोस्टॅटच्या दोन्ही टोकांच्या वायरी काढून एकमेकींना पिळल्या होत्या आणि वर काळी टेप गुंडाळली होती. मधला तुकडा वेगळा, लाल रंगाचा. थर्मोस्टॅट बाजूला नुसता लोंबत होता.

मी मामांना विचारलं, ह्याला कधी कुणी हात लावला होता का? त्यांना आठवायला वेळ लागला. एकदा मशीन मध्येच थंड पडायला लागलं होतं. पाच मिनिटं गरम, मग गार, मग पुन्हा गरम. तेव्हा एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं तासाभरात चालू करून दिलं. कधी? त्या दुपट्याच्या आधी महिना-दीड महिना.

माझ्या डोळ्यांपुढे सगळं स्वच्छ उभं राहिलं. लव साठून आणि नळी दुमडून हवा अडली होती. हवा अडली की तार जास्त तापते, आणि ती तापली म्हणून थर्मोस्टॅट बंद करत होता. त्याचं काम तो चोख करत होता. दुरुस्तीवाल्यानं अडलेली हवा बघितली नाही, पहारेकऱ्यालाच बाजूला केलं. मग चार लंगोटं आणि एक दुपटं एवढाच हलका माल दहा-पंधरा मिनिटांत वाळला असणार. जोपर्यंत कापडात पाणी असतं तोपर्यंत उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते आणि कापड फार तापत नाही. पाणी संपलं की तीच उष्णता कापडाला लागते. आणि थांबवणारं आत कुणी नव्हतं.

मी लाल वायरीचा तो तुकडा कापून मामांच्या हातात दिला आणि हे सगळं सांगितलं. मामा आता 86 वर्षांचे आहेत. त्यांनी तुकडा उलटसुलट करून बघितला. ड्राफ्ट्समन माणूस, त्यांना दोनदा सांगावं लागत नाही. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चष्म्याच्या घरात तो तुकडा ठेवला आणि घर मिटलं.

त्या दिवसापासून मशीन दुरुस्त करायचं की नाही हा प्रश्न उरला नाही.

जुना थर्मोस्टॅट मी तेलाच्या वाटीत थर्मामीटरबरोबर टांगून मंद आचेवर ठेवला. 85 अंशांच्या आसपास तो 'टक्' वाजला. मल्टिमीटरचा काटा पडला. तेल निवल्यावर पुन्हा 'टक्'. तीस वर्षं लोंबत राहून, त्याच्या आधी अकरा वर्षं राबून, त्याची वेळ चुकली नव्हती. तो पुन्हा त्याच्या जागी बसवला. सोबतीला एक नवा कट-आउटही, म्हणजे फार तापलं की वीज तोडणारा तुकडा, घातला, कारण जुन्या यंत्रावर जीव असला तरी घरात म्हातारं माणूस आहे.

गरम तारेच्या दोन गुंडाळ्या होत्या, हजार-हजार वॉटच्या. एकीचा रोध मल्टिमीटरवर 58 ओहम आला. 240 चा वर्ग भागिले हजार केलं की 57.6 येतात, म्हणजे ती धडधाकट. दुसरी टर्मिनलपाशी तुटलेली. तुटकी टोकं पिळून जोडा असं दोघांनी सुचवलं, पण नायक्रोमची पिळलेली जोड तिथेच तापते आणि तिथेच पुन्हा तुटते. खडेबाजारातल्या हीटरच्या दुकानात मापाची नवी गुंडाळी करून घेतली. मोटर वाइंडिंगवाल्याकडे नेली. त्यानं ती हातानं फिरवली, कान लावला, कपॅसिटर बदलला आणि म्हणाला, "मोटर चलो ऐत्री." चांगली आहे. वाइंडिंगला हात लावायची गरज नाही म्हणाला आणि फक्त कपॅसिटरचे पैसे घेतले. अशी माणसं आहेत म्हणून जुन्या वस्तू टिकतात.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो मागच्या बुशात. सगळा ड्रम मागच्या बाजूला एका छोट्या आसावर तोललेला असतो आणि तो आस एका बुशात फिरतो. बुश झिजून लंबगोल झाला होता. ड्रम त्यामुळे खाली बसायचा आणि पत्र्याला घासायचा. असला सुटा भाग आता इंग्लंडातही मिळायचा नाही. मी बुश आणि आस रुमालात बांधून उद्यमबागेत गेले.

उद्यमबाग ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगते, खानापूर रस्त्याला लागून ही वसाहत आहे, आणि तिथे लोखंड वितळवण्यापासून केसाच्या जाडीचं काम करण्यापर्यंत सगळं एकेका शेडमध्ये चालतं. ह्या गावाला ह्या कामाची सवय जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली सायकलचं दुकान इथेच काढलं. 1910 साली किर्लोस्करवाडी वसली ती नंतर. गावात त्यांच्या नावाचा रस्ता आजही गजबजलेला आहे. त्या रस्त्यावरून जाताना मला दर वेळी वाटतं की ह्या गावाचा खरा स्वभाव भांडणात नाही, लेथवर आहे.

"बाई, हे कुठल्या मशीनचं आणलासा?" टर्नरनं विचारलं. माझाच जुना विद्यार्थी निघाला, पण ते नंतर कळलं. मी सांगितलं. त्यानं आस कॅलिपरनं तीन ठिकाणी मोजला, बोटानं चाचपला. म्हणाला, आस चांगला आहे, पॉलिश मारतो. बुश गनमेटलचा करूया, आणि तेल धरायला आत एक बारीक खाच मारतो. क्लिअरन्स, म्हणजे आस आणि बुशामधली फट, किती ठेवायचा ह्यावर त्याचं आणि शेजारच्या लेथवरच्या काकांचं दहा मिनिटं कन्नडमध्ये बोलणं झालं. काका म्हणत होते दोन थाऊ, हा म्हणत होता चार, कारण मागे गरम हवा आहे, धातू पसरणार. शेवटी तीन थाऊ ठरला. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. तीन हजारांश इंचासाठी दोन माणसं काम थांबवून वाद घालत होती, तेही एका म्हाताऱ्या बाईच्या कपडे वाळवायच्या मशीनसाठी. मला भरून आलं.

लेथवर पिवळसर धातूची साल निघताना मी बघत उभी राहिले. कोबीच्या कापासारखी गोल गोल, चकाकती. त्यानं बुश आसावर चढवून बघितला. हाताचं बोट लावून सोडलं तर आस आपल्या वजनानं सावकाश आत सरकत गेला, मध्ये कुठेही न अडखळता, जसं पाणी वाळूत जिरतं. "झालं की," तो म्हणाला.

ड्रमच्या पुढच्या तोंडाला लोकरीच्या नमद्याची पट्टी असते, गरम हवा कडेनं निसटू नये म्हणून. ती कसरीनं खाल्ली होती. बाजारातला फेल्ट बहुतेक कृत्रिम धाग्याचा असतो, धगीला वितळतो. लोकर वितळत नाही. मी आठवडाभर शोधत होते आणि उत्तर माळ्यावर पडलं होतं. आजोबांचा बुरणूस. दख्खनी मेंढीच्या राठ काळ्या लोकरीचा, जाड, कुटून बसवलेला. आजोबा शेतावर रात्री राखणीला जाताना तो घ्यायचे. त्याची कड उंदरांनी कुरतडलेली होती, मधला भाग शाबूत. कापताना मन मागेपुढे झालं. मग विचार केला, लोकर ऊब धरायलाच असते, इथेही तेच करणार आहे. ड्रमच्या घेराएवढी पट्टी कापली आणि सांधा तिरका शिवला, म्हणजे फिरताना तो एका जागी अडणार नाही.

बाकीचं काम पटापट झालं. पट्टा बेअरिंगच्या दुकानात मापानं मिळाला, पडवीत वेगळी वायर ओढून घेतली, अर्थिंग तपासलं. रंगाला पत्रे गॅरेजमध्ये दिले. रंगारी सगळ्याच पत्र्यांना पॉलिश पेपर मारणार होता. डावा पत्रा मी दिला नाही. तो गंजाच्या ठिपक्यांसह तसाच आहे, मामींच्या अक्षरासकट. तीन बाजू नव्या पांढऱ्या आणि एक जुनी पिवळट. बघणाऱ्याला विचित्र वाटतं. वाटू दे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, मृगाच्या सरी सुरू झाल्यावर, पहिल्यांदा चालवलं. चार टॉवेल घातले. दार लावलं, टाइमर फिरवला. आधी मोटरचा हुंकार, मग पट्ट्यानं ड्रमला ओढल्याचा एक सुस्कारा, आणि मग तो आवाज. ओलं कापड वर जाऊन धपकन खाली पडतं, पुन्हा वर जातं. मध्ये एक ताल आहे त्याला. मला तो तीस वर्षांनी ऐकू आला आणि ओळखीचा वाटला.

हे यंत्र करतं काय, तर फार साधं. पावसाळ्यात आपल्या घरातली हवा पाण्यानं जवळपास भरलेली असते. 22 अंशांवर एक घनमीटर हवेत साधारण 20 ग्रॅम वाफ मावते, आणि ती आधीच तेवढी पिऊन बसलेली, म्हणून कपड्याचं पाणी घ्यायला ती तयार नसते. तीच हवा 60 अंशांपर्यंत तापवली की तिच्यात 130 ग्रॅमपर्यंत मावू शकते. भरलेली हवा एकदम तहानलेली होते. ड्रम कपडे उलटतो, म्हणजे आई डालग्यापाशी बसून जे करायची तेच. पंखा हवा ओढून नेतो. वीज लागते, ते नाकारत नाही. एक लिटर पाण्याची वाफ करायला निसर्गाच्या नियमानं साधारण दोन तृतीयांश युनिट जातंच, कितीही नवं मशीन असलं तरी. म्हणून मी आधी धुलाई मशीनमध्ये कपडे चांगले पिळून घेते, एक दिवस वलणीवर ठेवते आणि उरलेली ओल तेवढी ह्याच्यावर सोपवते. ऊन असेल त्या दिवशी त्याला हात लावत नाही. उन्हाची बरोबरी कुणी करू नये.

जुलैत म्हातारा लागला. सलग पाचवा दिवस. संध्याकाळी समोरच्या घरातल्या अक्का दारात आल्या. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, हातात बादली. त्यांची लेक बाळंतपणाला आलेली, मूल दीड महिन्याचं.

"मशीन सुरू झालंय म्हणे तुमचं," त्या म्हणाल्या. "लंगोटं वाळंनाच झालीत बघा. इस्त्री करून करून हात गेले."

मी बादली घेतली. लंगोटं एकेक झटकून ड्रममध्ये टाकली. अठरा होती. दुपटी दोन. टोपरं लोकरीचं होतं, ते परत दिलं. दार लावलं आणि पत्र्यावरच्या यादीकडे बघितलं. वरच्या ओळीत 'लंगोटं' एवढंच, पुढे पुसट काळपट डाग. अंदाजानं मी काटा चाळीसवर आणला.

मामा आतल्या खोलीत आरामखुर्चीत होते. टाइमरची करकर त्यांच्या कानावर गेली असावी.

"काय घातलंस गं?"

"लंगोटं. समोरच्या बाळाची."

"किती लावलीस?"

"चाळीस."

"जास्त होतात. पंचवीस लाव." थोडा वेळ ड्रमचा आवाज तेवढा येत राहिला. मग ते म्हणाले, "तिनं त्या दिवशीही पंचवीसच लावली असणार."

मी काटा मागे आणून पंचवीसवर ठेवला.